गाणं वर राहू द्या: उभ्याने वाजवायचा छोटा ड्रमसेट कसा जुळवाल?

पाली, हातखंबा, नाणीज, लांजा या पट्ट्यातल्या गाणाऱ्या तरुण मंडळींकडून एक प्रश्न सारखा येतो. एक गिटार, एक पेटी आणि दोन गळे एवढाच त्यांचा संच असतो. कार्यक्रम कधी अंगणातल्या मांडवात, कधी हळदीच्या संध्याकाळी, कधी गणपतीत एखाद्या घराच्या ओटीवर, तर कधी गणपतीपुळ्याकडे पर्यटकांच्या निवासाच्या आवारात. नुसत्या ढोलकीवर नव्या चालीची गाणी नीट बसत नाहीत आणि पूर्ण ड्रमसेट आणला तर गायकाचे शब्द पहिल्या रांगेतही पोहोचत नाहीत. अशा वेळी काय करायचं?

उभ्याने वाजवता येईल असा, चार आवाजांचा, एका माणसाला उचलता येईल असा संच जुळवायचा. उभ्याने वाजवणं आपल्याकडे नवं नाही. गोंधळी संबळ कमरेला बांधून उभ्यानेच वाजवतात, ताशेवाले ताशा गळ्यात अडकवतात. अमेरिकेत १९६०च्या दशकात ‘द व्हेल्वेट अंडरग्राउंड’ या बँडची मॉरीन टकर आडवा ठेवलेला बेस ड्रम उभ्याने वाजवायची आणि सिंबलना क्वचितच हात लावायची. आपल्या मुंबईचे, शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू यांनी तर खुर्चीवरचा ठरीव ड्रमसेट बाजूला ठेवून जमिनीवर गुडघे टेकून वाजवायची स्वतःची मांडणी केली. तीत तबला आहे आणि पाण्याची बादलीसुद्धा. जॉन मॅक्लॉफलिन यांच्या अकूस्टिक गिटारबरोबर ते तिघांच्या छोट्या संचात वाजवत, ती ध्वनिमुद्रणं जरूर ऐका. दुकानात मिळतो तसाच ड्रमसेट वापरायला हवा, असं कुठेही लिहिलेलं नाही.

आधी हे तपासा

खरेदीला निघण्यापूर्वी तीन गोष्टी बघा.

- तुमच्या यादीतली निम्म्याहून अधिक गाणी भजन, अभंग, भावगीत अशी असतील तर आधी चांगला पखवाज किंवा तबला वाजवणारा जोडीदार शोधा. ड्रमसेट त्याची जागा घेऊ शकत नाही आणि घेऊही नये.
- सिनेमातल्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा करत असाल तर ऑक्टोपॅड सोयीचा आहे. पण त्याला वीज लागते, स्पीकर लागतो आणि स्पीकर आला की परवानगीही आली. शिवाय माइकविना गाणाऱ्या गळ्यामागे ऑक्टोपॅडचा आवाज उपरा वाटतो.
- गिटार, पेटी, बासरी यांच्याबरोबर माइकविना किंवा एखाद्याच माइकवर गाता आणि जागा चार फूट बाय तीन फूट मिळते, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. पूर्ण ड्रमसेटला किमान सहा फूट बाय सहा फूट लागतात, आणि कोकणातल्या ओटीवर तेवढी जागा माणसांनाही पुरत नाही.

चार आवाज पुरे

छोटा संच म्हणजे मोठ्या संचातले तुकडे कमी करून उरलेला संच, असं बहुतेक जण धरून चालतात. तिथेच घोटाळा होतो. आधी कोणते आवाज हवेत ते ठरवा, मग वस्तू निवडा. एक घोगरा खालचा आवाज, एक कोरडा तिखट आवाज, एक धातूचा लांबणारा आवाज आणि एक खुळखुळणारा आवाज. यापुढे जे काही घ्याल ते गायकाच्या जागेतून घ्याल.

खालचा आवाज. इथे तीन पर्याय आहेत.

- *काहोन आणि पेडल.* काहोन ही मूळची पेरू देशातली लाकडी पेटी. सहसा तिच्यावर बसून हाताने वाजवतात. उभ्याने वाजवताना ती पायापुढे ठेवायची आणि मऊ बीटरच्या पेडलने वाजवायची. हिला सुरात लावावं लागत नाही, आवाज घरात मावतो आणि पेटीच्या पोटात बाकीचं किडुकमिडुक भरून नेता येतं. मात्र आतल्या तारा पायाच्या प्रत्येक ठोक्याला खरखरतात. त्या सैल करा किंवा कापडाची पट्टी लावून गप्प करा. पेटी घसरू नये म्हणून खाली रबराची चटई हवीच.
- *सोळा इंची ड्रम.* सोळा इंची छोटा बेस मिळाला तर उत्तम. नाहीतर जुना फ्लोअर टॉम आडवा करून वापरतात. नेहमीचा बेस बावीस इंची असतो, म्हणून पेडलचा बीटर सोळा इंची ड्रमच्या मध्यावर न लागता वरच्या कडेजवळ लागतो आणि आवाज पत्र्यासारखा येतो. त्यासाठी ड्रम दोनेक इंच उचलून धरणारा राइजर लागतो, त्यालाच पेडलही अडकतं. बीटरचा दांडा खाली सरकवला की उरलेला फरक भरून निघतो.
- *पेडलच नको.* चौदा किंवा सोळा इंची फ्लोअर टॉम पायांवर उभा करा आणि कापसाच्या किंवा लोकरीच्या गोळ्याच्या काठीने हातानेच वाजवा. पाय मोकळे राहतात आणि पेडलचा खर्च वाचतो. संथ गाण्यांना हा आवाज फार शोभतो. जलद केरव्यात मात्र हात अपुरे पडतात.

माझा कौल असा: घरात, ओटीवर वाजवणार असाल तर काहोन आणि पेडल घ्या. मांडवात, उघड्यावर वाजवणार असाल तर सोळा इंची ड्रम घ्या, कारण उघड्यावर खालचा आवाज सगळ्यात आधी विरतो.

तिखट आवाज. दहा किंवा बारा इंची स्नेअर घ्या, चौदा इंची नको. लहान पानाचा आवाज वरच्या पट्टीत जातो, पटकन थांबतो आणि गायकाच्या शब्दांच्या मधल्या फटीत बसतो. खालच्या तारा बंद करायची खिटी नीट चालते का ते दुकानातच तपासा. तारा बंद केल्या की तेच वाद्य डफासारखं बोलतं, म्हणजे एका वस्तूत दोन आवाज मिळतात.

धातूचा आवाज. एकच पातळ सिंबल, चौदा ते सोळा इंची. इथे एक गफलत नेहमी होते. झिल्जियनचे एल८०सारखे भोकं पाडलेले, कमी आवाजाचे सिंबल आणि जाळीची पानं रियाजासाठी उत्तम आहेत. शेजाऱ्यांना त्रास न देता रात्रीही हात फिरवता येतो. पण कार्यक्रमात त्यांचा आवाज कोता वाटतो, गाण्यात मिसळत नाही. कार्यक्रमाला खरा पातळ सिंबल घ्या आणि ब्रशने वाजवा. हाय-हॅट सुरुवातीला घेऊच नका. उभ्याने दोन पेडल सांभाळताना तोल जातो आणि कंबर दुखते.

खुळखुळा. हाय-हॅटचं काम चाळ करते. जाखडी नाचताना बाल्ये पायात चाळ बांधतात, तीच तुमच्या मोकळ्या पायाच्या घोट्याला बांधा. टाच न उचलता चवडा हलवला तरी मात्रा वाजते. घुंगरं कमी ठेवा, एक पदर पुरे. याऐवजी स्नेअरच्या शेजारी खंजिरी अडकवता येते, पण चाळ बांधल्यावर दोन्ही हात मोकळे राहतात, हा मोठा फायदा आहे.

उंची, स्टँड आणि पाय

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. दुकानात सहज मिळणारा स्नेअर स्टँड बसून वाजवणाऱ्यांसाठी असतो, तो जेमतेम दोन फुटांपर्यंत चढतो. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला उभ्याने वाजवायला स्नेअरची कड जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास हवी. दुकानदाराला ‘उभ्याने वाजवायचा आहे, उंच जाणारा स्नेअर स्टँड द्या’ असं स्पष्ट सांगा. तो नसेल तर सिंबलच्या जड स्टँडला पकड लावून स्नेअर टांगता येतो. माइकच्या स्टँडवर किंवा कीबोर्डच्या घडीच्या स्टँडवर स्नेअर ठेवायचा मोह आवरा, दुसऱ्याच गाण्याला तो खाली येईल.

हातखंब्याला किंवा रत्नागिरीला फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टँड बनवून घेणार असाल तर तीन गोष्टी सांगा: तीन पाय हवेत, ते रुंद पसरायला हवेत आणि उंची खिटीने कमीजास्त व्हायला हवी. चार पायांचा स्टँड सारवलेल्या अंगणात कधीच स्थिर राहत नाही.

उंची अशी ठरवा:

1. चपला घालून, सरळ उभे राहा. कार्यक्रमात जे पायात असेल तेच घाला.
2. कोपर अंगालगत ठेवून हात पुढे आडवे धरा.
3. स्नेअरची कड कोपराच्या चार ते सहा बोटं खाली येऊ द्या. त्याहून वर असेल तर खांदे चढतात, खाली असेल तर पाठ वाकते.
4. सिंबल खांद्याच्या खाली आणि जवळ ठेवा. वर टांगलेला सिंबल नकळत जोरात मारला जातो.

पेडलवरचा पाय थोडा उंच असतो, दुसरा जमिनीवर. तासभर असं उभं राहिलं की कंबर भरून येते. उपाय साधा आहे: पेडलच्या टाचेइतक्या जाडीची फळी दुसऱ्या पायाखाली घ्या. पेडलवर टाच टेकलेलीच ठेवा. टाच उचलून वाजवायला गेलात तर सगळा भार एका पायावर येतो आणि ठोकाही हवा त्यापेक्षा जोरात पडतो.

आवाज मुळाशी कमी करा

ड्रमवर टॉवेल टाकून आवाज दाबणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. आवाज ठरतो तो आधी हातातल्या वस्तूने, मग पानाच्या आकाराने आणि ताणाने, आणि मग जागेने.

लाकडी काठ्या घरीच ठेवा. तारांचे ब्रश आणि बारीक काड्यांचे रॉड्स असे दोन जोड पुरतात. रॉड्स कोकणात घरीही बनतात. माडाच्या झावळीचे चांगले वाळलेले, सरळ हीर निवडा, खराट्याला निवडतो तसे. पंचवीस-तीस हीर चौदा-पंधरा इंचांवर कापा आणि शेंड्याकडचा लवचीक, फार बारीक भाग काढून टाका. सगळ्यांची जाड टोकं एका बाजूला घेऊन मुठीपुरत्या भागावर सुताने घट्ट गुंडाळा, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवा. मधोमध दुसरी पट्टी सैलसर बसवा. ती टोकाकडे सरकवली की आवाज टणक होतो, मुठीकडे ओढली की हीर पसरतात आणि पानावर नुसती सळसळ उठते. जोड फार टिकत नाही, कडेवर मारला तर हीर लवकर तुटतात. पण माड दारात आहे, तेव्हा जोड मोडायची भीती न बाळगता हात तयार करता येतो. विकतचे रॉड्स घेण्याआधी हा प्रयोग जरूर करा.

ताणाबद्दल एवढंच पाळा: खालचा ड्रम मुख्य गायकाच्या ‘सा’ किंवा ‘प’च्या जवळ लावा. पुरुष गायक काळी एक किंवा दोनमध्ये गातो आणि गायिका काळी चार किंवा पाचमध्ये, म्हणजे दोघांसाठी एकच ताण चालणार नाही. मध्ये एखादं गाणं असं ठेवा ज्यात ड्रम लागत नाही, तेवढ्यात चावी फिरवून घ्या. तबलावाले हे नेहमी करतात, ड्रमवाल्यांनीही करायला हरकत नाही. सुरात लावलेला ड्रम हळू वाजवला तरी पोहोचतो. बेसूर ड्रम पोहोचवण्यासाठी जोर लावावा लागतो आणि तिथून सगळं बिघडत जातं.

जागेचा विचार कार्यक्रमाच्या आधी तासभर करा. फरशीचं, गुळगुळीत भिंतींचं मंगल कार्यालय आवाज घुमवतं. तिथे सिंबल जवळजवळ सोडून द्या. गिलावा न केलेल्या जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत आणि कौलारू छप्पर आवाज बराच पितं. फळ्यांचं पोकळ स्टेज खालचा आवाज दुप्पट झाल्यासारखा करतं, त्यावर दुहेरी सतरंजी किंवा जुनी गोधडी घातल्याशिवाय पेडल ठेवू नका.

शेवटची कसोटी माणसानेच घ्या. गायकाला माइकविना बोलण्याच्या आवाजात पहिलं कडवं म्हणायला सांगा, एकाला दहा पावलांवर उभं करा. त्याला शब्द कळले तर तुमचा आवाज बरोबर आहे. एखादाही शब्द सुटला तर हात हलका करा. गायकाला जोरात गायला लावू नका.

ठेका कसा बसवाल

इथे सगळ्यात मोठा गोंधळ दिसतो. पाश्चात्य धड्यांतून शिकलेला ठेका मराठी गाण्याखाली घातला की गाणं अवघडून जातं, कारण त्या ठेक्यात खाली नसते. आपला केरवा आठ मात्रांचा: धा गे ना ती, न क धि न. यातली पहिली चार भरी, पाचव्या मात्रेपासून खाली. मग पाचव्या-सहाव्या मात्रेवर पाय उचलूच नका. घोगरा ठोका पहिल्या मात्रेवर, हवा तर दुसऱ्यावर अगदी हलका, आणि सातव्या मात्रेच्या ‘धि’वर. ‘ना’ स्नेअरच्या मध्यावर, ‘ती’ कडेवर. ब्रश असेल तर खालीच्या दोन मात्रांत पानावर नुसता फिरवा.

दादरा आणखी सोपा: धा धी ना, धा ती ना. पहिल्या तीन मात्रांत पाय, पुढच्या तिनांत पाय जवळजवळ गप्प. एवढं केलं तरी गाणाऱ्याला समेवर यायला जागा मिळते. ढोलकी वाजवणारा सोबत असेल तर तुम्ही ठेका धरा आणि भराव त्याला करू द्या. दोघांनी भराव केला तर गाणं मध्येच बुडतं.

खरेदी करताना

सगळं एकदम घेऊ नका. आधी स्नेअर, उंच स्टँड आणि ब्रश घ्या आणि एवढ्यावरच महिना-दोन महिने वाजवा. त्यानंतर पेडल आणि खालचा आवाज. सिंबल सगळ्यांत शेवटी, कारण तो ऐकूनच घ्यायची गोष्ट आहे.

- खर्च करा: पेडल, स्टँड, सिंबल. हे स्वस्तात घेतले तर पुन्हा घ्यावे लागतात.
- वाचवा: ड्रमचं खोड. जुनं, ओरखडे पडलेलं खोड नवं पान चढवून झकास वाजतं. मात्र कड सगळीकडून सपाट आहे का ते काचेवर उपडं ठेवून बघा. खालून उजेड दिसला तर घेऊ नका.
- घेऊ नका: ‘पूर्ण ज्युनियर सेट’. तो लहान मुलांच्या उंचीचा असतो, त्याचे स्टँड तुमच्या कामाचे नाहीत.

मुंबईला जाणं झालं तर धोबी तलावच्या फुर्टाडोससारख्या जुन्या दुकानात जाऊन हाताने वाजवून बघा. पालीला मुंबई–गोवा आणि कोल्हापूरकडचा असे दोन्ही रस्ते भेटत असल्याने कोल्हापूरला जाऊन येणंही अवघड नाही. ऑनलाइन मागवलंत तर खोकं उघडतानाच व्हिडिओ काढा. वाद्य सदोष निघालं किंवा वर्णनाप्रमाणे नसलं तर परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेत्याने नकार देता कामा नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खालच्या ई-कॉमर्स नियमांत हे आहे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

नियम आणि तुमचे हक्क

‘माइक नाही, म्हणजे नियम नाही’ हा समज काढून टाका. ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपकच नव्हे, वाद्यंही वाजवता येत नाहीत. बंदिस्त सभागृहात आतल्या लोकांपुरतं वाजवता येतं. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षाला जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं, ते दिवस कोणते हे त्या त्या वर्षी विचारून घ्या. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. एकही स्पीकर लावणार असाल तर लेखी परवानगी लागते. आयोजकाला ती आधी दाखवायला सांगा, हा तुमचा हक्क आहे.

गाण्यांच्या स्वामित्वहक्काचं असं: कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ प्रमाणे धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांत गाणी सादर करायला परवाना लागत नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेला किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला कार्यक्रमही यात बसतो. पर्यटकांच्या निवासात दर शनिवारी ठरलेला, पैसे घेऊन होणारा कार्यक्रम मात्र बसत नाही. तिथे दुसऱ्याची गाणी गायची तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा परवाना लागू शकतो. तो जागामालकाने काढायचा की तुम्ही, हे मानधन ठरतानाच लिहून घ्या, मोबाइलवरचा संदेशही चालेल. त्याच संदेशात वेळ, आगाऊ रक्कम, येण्याजाण्याचा खर्च आणि पावसाने कार्यक्रम रद्द झाला तर काय, हेही येऊ द्या.

ने-आण आणि पावसाळा

संच तीन पिशव्यांत बसला पाहिजे: एक पाठीवर, दोन हातांत. रेल्वेने मुंबईला निघालात तर स्लीपर डब्यात माणशी ४० किलो सामान विनाशुल्क नेता येतं. वजनाची अडचण सहसा येत नाही, आकाराची येते. म्हणून सोळा इंचांवर जाऊ नका.

कातडी पान जून ते सप्टेंबर कोकणात ताण धरत नाही. या संचाला फायबरचंच पान लावा. कार्यक्रमानंतर खिट्या आणि पेडलची साखळी कोरड्या फडक्याने पुसून मशीन ऑइलचा थेंब सोडा. खाऱ्या दमट हवेत गंज एका पावसातच धरतो. काहोनच्या प्लायला आतून बुरशी येते. ती भिंतीला टेकवून ठेवू नका, भोक उघडं राहील अशी फळीवर ठेवा आणि उन्हाची उघडीप मिळाली की तासभर सावलीत वारा लागू द्या. थेट उन्हात ठेवलीत तर पुढची फळी वाकते. सिंबल पिशवीत ठेवण्याआधी त्यावरचे बोटांचे घामट ठसे पुसा आणि मध्ये सुती कापड घाला, प्लास्टिक नको.